डॉक्टरांना विचारायचं राहून गेलेलं

"तुम्ही दवाखान्यात कोण होता? नर्स?" असं मला अजून लोक विचारतात. मी "समुपदेशक" म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विषय बदलतो. माझ्या कामाचं नेमकं वर्णन केलं ते काल्हेरच्या एका हमालाने. बाकावर शेजारी बसलेल्या नव्या पेशंटला तो माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, "ही बाई सुई टोचत न्हाय, गोळी देत न्हाय. नुसती बोलायला लावते. पन सुईपेक्षा जास्त दुखतं."

माझी बरीचशी नोकरी भिवंडीत, सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्हीच्या केंद्रात गेली. मागच्या बाजूच्या दोन खोल्या, बाहेर बाकं. एका खोलीत डॉक्टर, दुसरीत मी. बाकावर लूमवरचे, म्हणजे यंत्रमागांवरचे, कामगार असत, कशेळी-काल्हेरच्या गोदामांतली माणसं असत, ट्रकवाले असत. शाळेतले मास्तर असत आणि चांगल्या घरच्या, तोंडावर ओढणी ओढून आलेल्या बायकाही असत. बाहेर जी माणसं एकमेकांना पाण्याचा ग्लास देणार नाहीत, ती आमच्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसत आणि नंतर रस्त्यात भेटली तर ओळख दाखवत नसत. हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम. मीही तो पाळायचे. बाजारात पेशंट दिसला की मी भाजीत डोकं घालायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा आजार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. रोज एक गोळी, तीही जन्मभर. गोळी नियमित घेतली की रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. माणूस कामाला जातो, लग्न करतो, म्हातारा होतो. विषाणू किती आहेत हे सांगणारी तपासणी म्हणजे व्हायरल लोड. सगळेजण त्याला नुसतं 'लोड' म्हणतात, ट्रकच्या गावात ते शोभूनही दिसतं. लोड वाढला म्हणजे कुठंतरी बिनसलंय. ते कुठं बिनसलंय, हे मात्र कुठलंच मशीन सांगत नाही. ते पेशंटलाच सांगावं लागतं.

आणि पेशंट सांगत नाही.

डॉक्टर विचारतात, "काय म्हणताय?" पेशंट म्हणतो, "बरं हाय." डॉक्टर वजन बघतात, डोळे बघतात, गोळ्या लिहून देतात. बाहेर लाइन लागलेली असते. पेशंट उठतो, दारापर्यंत जातो, तिथून वळून माझ्या खोलीत येतो आणि म्हणतो, "मॅडम, एक विचारायचं राहिलंच." हे 'राहिलेलं' ऐकण्यात माझी नोकरी गेली.

एक लूमवाला होता, उत्तर प्रदेशातला, फार सज्जन. दर वेळी "सब ठीक है" म्हणायचा. एकदा खोलीतून बाहेर पडताना त्याची एक चप्पल मागे राहिली आणि त्याला पत्ताच नाही. मी हाक मारली, "अरे, चप्पल!" तो हसला. म्हणाला, "कब निकल जाती है, पता ही नहीं चलता." मी विचारलं, हे कधीपासून, डॉक्टरांना सांगितलं का? तो म्हणाला, "वो तो पाँव की बात है मॅडम. ये डॉक्टर तो उस बीमारी का है." मी त्याला तसाच परत आत नेला. त्याला साखर निघाली. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता.

दुसरे एक गृहस्थ वज्रेश्वरीच्या बाजूचे. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ केल्यापासून अंग हलकं वाटतं, म्हणून त्यांनी गोळी बंद करायचं मनात धरलं होतं. मी म्हटलं, हेच डॉक्टरांना विचारा. त्यांना वाटलं, डॉक्टर ओरडतील. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "कुंडात खुशाल अंघोळ करा काका. पाणी चांगलंच आहे. फक्त वर आलात की गोळी घ्या." काका खूश. दोन्ही चालू राहिलं.

आमच्या डॉक्टरांचं आडनाव मोमीन. भिवंडीतच वाढलेले, बोलणं भराभर, अर्धं मराठी अर्धं हिंदी. रागावले की एकदम शुद्ध मराठी बोलायचे. पेशंटने खरं सांगितलं तर ते कितीही वेळ द्यायचे. नुसतं "बरं हाय" म्हटलं तर त्यांच्याही हातात काही नसायचं.

आता दर्शनाबद्दल सांगते. नाव बदललं आहे, बाकी आठवतं तसं.

दर्शनाला हा आजार जन्मापासून. आई लवकर गेली, बाप तिच्यानंतर थोड्याच वर्षांनी गेला. तिला वाढवलं आत्याने, यमुनाबाईंनी. कशेळीच्या खाडीकडच्या जुन्या घरातल्या, धिप्पाड, आवाज असा की दवाखान्याच्या गेटवर बोलल्या तर माझ्या खोलीत ऐकू यायचं. स्वतःचं लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. पोरीला लहानपणापासून त्याच घेऊन यायच्या. डॉक्टर दर्शनाला प्रश्न विचारायचे आणि उत्तर यमुनाबाई द्यायच्या.

"भूक लागते का गं?"

"लागते ना! दोन भाकऱ्या खाते."

"पाळी वेळेवर येते?"

"एकदम टायमावर."

लहान मुलीच्या बाबतीत हे ठीकच होतं. पण दर्शना बारावी झाली, एका मोठ्या गोदामात पॅकिंगला लागली, हातात स्वतःचा मोबाइल आला, तरी आतलं चित्र तेच. पोरगी मान खाली घालून बसलेली आणि आत्या बोलतेय. दर्शनाचा आवाज कसा आहे हे डॉक्टरांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

मग एका वर्षी तिचा लोड वाढलेला आला. आधी कायम चांगला असायचा. डॉक्टरांनी कागद बघितला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "गोळ्या चुकतात का?"

"न्हाय डॉक्टर!" यमुनाबाई म्हणाल्या. "मी सोता हातात देते."

"दुसरं काही औषध चालू आहे? गावठी, आयुर्वेदिक, मेडिकलमधून आणलेलं?"

"कायच न्हाय."

डॉक्टरांनी दर्शनाकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. लोड वाढला की समुपदेशन आणि काही महिन्यांनी परत तपासणी, अशी पद्धत असते. तेव्हाही लोड खाली आला नाही तर औषधं बदलावी लागतात. ती जास्त गोळ्यांची, जास्त त्रासाची. त्यापुढे हातात फार पर्याय उरत नाहीत. विशीतल्या मुलीला पुढची पन्नास वर्षं काढायची असतात, म्हणून आम्हाला काळजी.

माझ्या खोलीत दोघी येऊन बसल्या. मी म्हटलं, "यमुनाबाई, तुम्ही जरा बाहेर बसा. मला दर्शनाशी एकटीशी बोलायचंय."

त्यांचा चेहरा पडला. "माज्यासमोर बोलली तं काय व्हतं? मी काय परकी हाय?"

"परक्या नाही. पण ती आता मोठी झाली. हिची तब्येत हिला सांगता यायला पाहिजे."

"हिच्या बापाला सांगता येत व्हतं ना!" त्या एकदम म्हणाल्या. "माजा भाऊ. डॉक्टरसमोर बसला की तोंड उघडायचा न्हाय. मी बाहेर बाकड्यावर बसायची. आत काय झालं विचारलं की बोलायचा, बरं हाय. बरं हाय, बरं हाय करत गेला तो. म्हनून मी आत बसते. हिचं तसं व्हऊ देनार न्हाय."

इतक्या वर्षांत मी त्यांना हट्टी बाई समजत आले होते. तेवढ्यात दर्शनाच म्हणाली, "आते, बस ना जरा बाहेर. मी सांगते त्यांना." तिच्या तोंडून आलेलं बहुधा ते पहिलं पूर्ण वाक्य. यमुनाबाई उठल्या, पिशवी उचलली आणि बाहेर गेल्या.

दार लागल्यावर दर्शना ओढणीचं टोक गुंडाळायला लागली. मी गोळीबद्दल विचारलं नाही. लोड वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा गोळीबद्दल विचारलं की तो खोटं बोलतो, हे मी अनुभवाने शिकले होते. मी म्हटलं, "कामावर कसं असतं? सांग ना, मी गोदाम आतून कधी बघितलेलं नाही."

मग ती बोलायला लागली. कन्व्हेअर कसा चालतो, टार्गेट कसं असतं, फोन गेटवर जमा कसा करावा लागतो. शिफ्ट बदलत राहते. कधी पहाटेची, कधी दुपारची. दुपारच्या शिफ्टला सुटून कंपनीच्या गाडीतून घरी यायला रात्र होते.

"आणि तुझी गोळी किती वाजताची?"

"रात्री नऊची. लहानपणापासून."

"मग दुपारच्या शिफ्टला बरोबर नेतेस?"

ती म्हणाली, "गेटवर बॅग तपासतात मॅडम. एकदा एका मुलीच्या बॅगेत गोळ्या सापडल्या तर सिक्युरिटीवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, कशाच्या आहेत. तिच्या डोकेदुखीच्या होत्या. माझ्या सापडल्या असत्या तर?" म्हणून ती गोळी घरीच ठेवायची. घरी येऊन घेईन, असं ठरवायची. आणि जेवतानाच डोळे मिटायचे. आत्या डबीतून गोळी काढून ताटाजवळ ठेवून झोपायची. सकाळी ती तिथंच असायची. दर्शना ती खिशात टाकून बाहेर फेकायची, आत्याला वाईट वाटू नये म्हणून.

"हे डॉक्टरांना सांगशील?"

"ते ओरडतील."

"ओरडले तर मी आहे. आणखी काही विचारायचंय त्यांना?"

तिने मान हलवली. नाही. मग उठली, दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. आणि तिथंच थांबून, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मॅडम, माझ्यासारखीचं लग्न होतं का?"

मी तिला परत बसवलं. भावेश नावाचा मुलगा होता, शहापूरकडच्या शेतकरी घरातला, त्याच गोदामात स्कॅनिंगला. त्याला ती आवडत होती. तिलाही तो आवडत होता. त्याने घरी बोलू का विचारलं, तेव्हापासून ती त्याला टाळत होती. तिला माहीत करून घ्यायचं होतं की आपल्यामुळे त्याला आजार होईल का, मूल होईल का, झालं तर त्या मुलालाही आपल्यासारखंच आयुष्य मिळेल का. हे प्रश्न घेऊन ती किती वेळा त्या खुर्चीत बसून उठून गेली होती!

उत्तरं मला माहीत होती. पण मी म्हटलं, "हे सगळं डॉक्टरांना विचारायचं. आणि मी शिकवते तसं विचारायचं. सगळ्यात अवघड गोष्ट आधी. उठताना नाही, बसल्याबरोबर. बाकीचं वजन, भूक मागाहून. ओरडतील असं वाटत असेल तर आधीच सांगायचं, सर, मी खरं सांगणार आहे, रागावू नका. आणि पुढच्या वेळी येताना घरात जे जे पोटात जातं ते सगळं पिशवीत घालून आणायचं. गोळी, चूर्ण, टॉनिक, सगळं. हे औषध आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील."

मग मी डॉक्टर झाले आणि ती दर्शना. दोनदा हसू आलं, एकदा रडू आलं. तिसऱ्यांदा तिला सगळं वाक्य म्हणता आलं.

पुढच्या भेटीला ती आत गेली. तिने मला सोबत बोलावलं होतं, म्हणून मी भिंतीला टेकून उभी होते. यमुनाबाई बाहेर. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे "काय म्हणतेस?" विचारलं. ती बसल्याबरोबर म्हणाली, "सर, मी खरं सांगते, रागावू नका. दुपारच्या शिफ्टला माझ्या गोळ्या चुकतात. आणि मला लग्न करायचंय."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "एकदम दोन्ही?" म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढली. "बोल. पहले गोळी."

तिने शिफ्टचं, गेटचं, ताटाजवळच्या गोळीचं सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "ही गोळी रात्रीच घ्यायची असं कुणी सांगितलं तुला?"

"लहानपणापासून रात्रीच..."

"ती जुनी गोळी होती. तिने चक्कर यायची म्हणून झोपताना देत होतो. औषध बदललं त्याला किती दिवस झाले! तेव्हा सांगितलं असेल, घाईत राहिलं असेल. ही सकाळी चालते. उठलीस, दात घासले, गोळी घेतलीस, कामाला गेलीस. बॅगेत काही नाही, गेटचा सवालच नाही."

इतके दिवस जी गोष्ट दर्शनाला छळत होती, ती विचारल्याबरोबर सुटली होती.

मग तिने पिशवी टेबलावर ठेवली. त्यात आमच्या गोळ्यांची डबी, सर्दीच्या गोळ्या, त्रिफळा चूर्ण आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. डॉक्टरांनी पाकीट उचललं. "हे कोण घेतं?"

"मीच. आते रोज देते, जेवणाआधी, रात्रीच्या गोळीबरोबरच. माझे पाय दुखतात ना उभं राहून."

यमुनाबाईंना आत बोलावलं. त्या पाकीट बघून म्हणाल्या, "ती हाडांची हाय. औषध न्हाय ती."

डॉक्टरांनी त्यांना बसायला लावलं आणि सावकाश समजावलं. कॅल्शियम वाईट नाही, पण रिकाम्या पोटी दोन्ही एकदम घेतली की आमची गोळी अंगात नीट भिनत नाही. "गोळी सकाळी, ही हाडांची रात्री जेवल्यावर. बस्स."

यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे माज्यामुळं पोरीचं वाढलं?"

"अरे नाही! कशामुळे किती वाढलं हे मलाही सांगता येणार नाही. चुकलेल्या गोळ्याही आहेत ना. तुम्ही मायेनेच दिली. फक्त मला माहीत नव्हतं, म्हणून सांगता आलं नाही."

"आते," दर्शना म्हणाली, "मी गोळ्या फेकत होते." तिने आत्याचा हात धरला. बाहेर लाइनीत कुणीतरी "अजून किती वेळ?" म्हणून ओरडलं. डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग लग्नाचं. डॉक्टर म्हणाले, लोड खाली येऊन तपासणीत विषाणू सापडेनासे झाले आणि तसंच टिकलं, तर संबंधांतून नवऱ्याला आजार जात नाही. मूलही होऊ शकतं. गरोदरपणी गोळी चालू, बाळंतपण दवाखान्यात, बाळाला सुरुवातीला औषध आणि पुढे तपासण्या. "पण लोड खाली आल्याशिवाय घाई नाही. आणि मुलाला सांगायचं लग्नाआधी. हवं तर इथं माझ्यासमोर सांग. घरी तो विचारणार नाही असे सवाल माझ्याकडे विचारेल."

काही महिन्यांनी तपासणी परत झाली. विषाणू सापडले नाहीत. दर्शनाने कागद दोनदा वाचला आणि घडी घालून आत्याच्या हातात दिला. यमुनाबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी तो बराच वेळ बघितला.

मग दर्शनाने भावेशला दवाखान्यात बोलावलं. तो आला इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला वाटलं होतं, आत्याच्या तब्येतीसाठी बोलावलंय. दर्शनाने स्वतः सांगितलं, डॉक्टरांना बोलू दिलं नाही. आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण केलं. तो ऐकत राहिला. डॉक्टरांनी विचारलं, "काही विचारायचंय?" तो म्हणाला, "न्हाय." उठला आणि गेला. बाहेर बाकावरची माणसं त्याच्याकडे बघत होती, त्या नजरांमधून तो जवळजवळ पळाला.

दर्शना रडली नाही. म्हणाली, "त्यानेही तेच केलं मॅडम. काही विचारायचं नाही म्हणाला."

तो कामावरही दुसऱ्या शिफ्टला गेला. दर्शनाचा पुढचा फेरा आला, गेला. गोळी एकही चुकली नव्हती, हे ती मला मुद्दाम सांगायची. अशा वेळी माणसं औषध सोडतात. माझ्या नोकरीत अशी कितीतरी माणसं एक दिवस यायची बंद झाली. फोन केले तर नंबर लागत नसे, आणि कधी घरच्यांकडून कळे की उशीर झाला. तीच खंत घेऊन मी पुढे निवृत्त झाले. दर्शनाने मात्र सोडलं नाही.

मग एका दिवशी, लाइन संपत आली असताना, भावेश एकटाच बाकावर बसलेला दिसला. मला म्हणाला, "पेशंट न्हाय मी. तरी डॉक्टर भेटतील का?" भेटले. तो आत बराच वेळ होता. काय विचारलं ते डॉक्टरांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्याने स्वतःचं रक्त तपासून घेतलं. जाताना मला म्हणाला, "ती किती वर्षं जगेल, हे विचारायचं होतं तेव्हा. तिच्यासमोर कसं विचारणार?"

"मग काय म्हणाले डॉक्टर?"

"बोलले, तू कंटाळशील इतकी."

त्यांचं लग्न झालं. त्याच्या घरी किती सांगितलं, किती नाही, तो त्यांचा प्रश्न. मी लग्नाला गेले नाही, आमचा नियम. यमुनाबाईंनी पुढच्या फेरीला डब्यात लाडू आणले आणि "साखर जास्त झाली" म्हणून स्वतःच खात बसल्या. नंतर दर्शनाला मुलगी झाली. बाळाच्या तपासण्या होत गेल्या, आणि दीड वर्षाची झाल्यावरची शेवटची तपासणी माझ्या निवृत्तीच्या थोडी आधी आली. निगेटिव्ह. भावेशने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला. मुलगी टेबलावरचे कागद ओढत होती.

डॉक्टर म्हणाले, "और कुछ? आता काही विचारायचंय?"

"हो सर," दर्शना म्हणाली. "हिला माझ्या आजाराबद्दल कधी सांगायचं?"

डॉक्टर म्हणाले, "हे मला नाही माहीत. तू काय विचार केलायस?"

ती म्हणाली, "मला दहावीत कळलं. वर्गातल्या एका मुलीकडून, तिने घरी ऐकलं होतं. तोपर्यंत आते मला सांगायची, तुझं रक्त पातळ हाय, म्हणून गोळी. ती मुलगी बोलली तेव्हा मी घरी येऊन आतेला काहीच विचारलं नाही. हिला असं बाहेरून कळायला नको."

"मग तिला समजायला लागलं की घेऊन ये," डॉक्टर म्हणाले. "मी असलो तर मी पण बसेन बोलायला."

"नको सर," दर्शना म्हणाली. तिने मुलीच्या मुठीतला कागद हळूच सोडवून टेबलावर ठेवला आणि तिला कडेवर घेतलं. "ते मी घरीच सांगीन."